फ(३) आणि फ(क्ष) = ३ यांत फरक काय? आलेखावरची गणितं नेमकी वाचायची कशी?

संत्राबर्फी (सक्करदरा)

नमस्कार. दहावीपर्यंत माझं मराठी माध्यम होतं. यंदा अकरावी सायन्स घेतलं आणि गणिताचं पुस्तक इंग्रजीत आलं. भाषेचं मी बघून घेईन, शब्द पाठ होतात. अडलंय ते फंक्शनच्या आलेखांवर.

दहावीला आलेख म्हणजे ठरलेलं काम होतं. तीन बिंदूंचा तक्ता करायचा, आलेख कागदावर दोन रेषा काढायच्या, कोपऱ्यात प्रमाण लिहायचं, छेदबिंदू वाचायचा. इथे उलटंच आहे. आलेख आयता छापून दिलाय आणि त्याच्यावर प्रश्न विचारलेत. मोबाइलवर मराठीत मधेच इंग्रजी अक्षरं टाकली की ओळ विस्कटते, म्हणून जुन्या पद्धतीने क्ष, य आणि फ लिहिते.

आलेख आहे फ(क्ष) = क्ष² − ४क्ष + ३ चा. वर उघडणारा अन्वस्त आहे. प्रश्न असे: फ(३) किती? फ(क्ष) = ३ कधी होतं? फ(क्ष) > ० कुठे? फ(क्ष) = क या समीकरणाला दोन उत्तरं कधी, एक कधी, एकही नाही असं कधी? य = क्ष − १ ही रेषा आलेखाला कुठे छेदते? आणि शेवटचा, फ(क्ष + २) चा आलेख काढा.

पहिले दोन प्रश्न मला एकच वाटतात, पण शीटच्या मागे उत्तरं वेगवेगळी दिलीत. मला उत्तरं नकोत, बघायचं कसं ते सांगा. मंगळवारी टेस्ट आहे.

तर्री_पोहे (प्रतापनगर)

पहिल्यात ३ हा क्ष आहे, दुसऱ्यात ३ हा य आहे. पहिल्यात नुसतं टाकायचं: ९ − १२ + ३ = ०. दुसऱ्यात समीकरण सोडवायचं: क्ष² − ४क्ष + ३ = ३, म्हणजे क्ष(क्ष − ४) = ०, म्हणून क्ष = ० किंवा ४. छेदबिंदूसाठी दोन्ही बाजू सारख्या मांड, क्ष² − ५क्ष + ४ = ०, उत्तरं १ आणि ४. हे सगळं आलेख न बघताच होऊन जातं. टेस्टला एवढं पुरे.

जुना_फळा (महाल)

उत्तरं बरोबर आहेत, पण तिने विचारलंय बघायचं कसं. तेच शिकवायला हवं, कारण उद्या आलेख छापलेला असेल आणि त्याचं सूत्रच दिलेलं नसेल. तेव्हा टाकणार कशात?

मी नववी-दहावीला गणित शिकवत होतो, आता निवृत्त आहे. आलेखाच्या धड्यात मुलं जिथे जिथे अडखळत, तिथे मुळाशी एकच गोष्ट सुटलेली असे. बेटा, आलेखावरचा प्रत्येक बिंदू म्हणजे समीकरणाला खरं ठरवणारी एक जोडी. आणि जी जोडी समीकरणाला खरं ठरवते, ती आलेखावर असतेच. दोन्ही बाजूंनी. आलेख म्हणजे चित्र नाही, ती समीकरणाच्या सगळ्या उत्तरांची यादी आहे, कागदावर पसरून ठेवलेली. (४, ३) हा बिंदू वक्रावर आहे याचा अर्थ एवढाच की १६ − १६ + ३ बरोबर ३ हे खरं आहे. (४, ५) वक्रावर नाही, कारण ते खोटं आहे.

देकार्तने १६३७ मध्ये भूमितीतले वक्र समीकरणांनी मांडून दाखवले, तेव्हापासून हे आपल्या हातात आहे. फंक्शनचं नाव लिहून त्याला कंसात क्ष जोडायची रीत पुढे ऑयलरने १७३४ च्या सुमारास वापरली. या दोघांमध्ये जवळपास शंभर वर्षं गेली. म्हणून फ(क्ष) हे चिन्ह पहिल्या आठवड्यात डोक्यात बसलं नाही तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आता तुझे पहिले दोन प्रश्न. 'फ(३) किती' म्हणजे क्ष माहीत आहे, य शोधायचा. आडव्या अक्षावर ३ वर बोट ठेव आणि उभं सरळ वर किंवा खाली जा, वक्र भेटेपर्यंत. इथे जावंच लागत नाही, वक्र तिथेच अक्षाला छेदतोय. म्हणून उत्तर ०. 'फ(क्ष) = ३' म्हणजे य माहीत आहे, क्ष शोधायचा. उभ्या अक्षावर ३ वर बोट ठेव आणि आडवी पट्टी लाव. पट्टी वक्राला दोन ठिकाणी भेटते, एकदा क्ष = ० पाशी, एकदा क्ष = ४ पाशी.

यातला फरक नुसता दिशेचा नाही. उभं गेलीस तर उत्तर एकच मिळणार, कारण फंक्शन म्हणतातच त्याला, जिथे एका क्षला एकच य असतो. आडवं गेलीस तर शून्य, एक, दोन, कितीही उत्तरं मिळू शकतात. 'किती' विचारलं की उभं, 'कधी' विचारलं की आडवं. एवढं करून बघ आणि फ(क्ष) > ० चं उत्तर तूच इथे लिही.

संत्राबर्फी

सर, करून बघितलं. फ(क्ष) > ० म्हणजे य शून्यापेक्षा मोठा, म्हणजे वक्राचा जो भाग क्ष-अक्षाच्या वर आहे तो. वक्र १ आणि ३ ला अक्ष छेदतो. मधला भाग खाली आहे, दोन्ही बाजूंचे हात वर आहेत. म्हणून क्ष < १ किंवा क्ष > ३. बरोबर आहे का?

मग 'क' चा प्रश्न म्हणजे आडवी पट्टी वर-खाली सरकवायची, असंच ना? सगळ्यात खालचा बिंदू (२, −१) आहे. पट्टी −१ च्या वर असली की दोनदा भेटते, बरोबर −१ वर एकदा टेकते, त्याखाली भेटतच नाही.

जुना_फळा

बरोबर. हेच दहावीच्या पद्धतीने ताडून बघ. क्ष² − ४क्ष + (३ − क) = ० याचा विवेचक १६ − ४(३ − क), म्हणजे ४ + ४क. तो धन असला की दोन उत्तरं, म्हणजे क > −१. शून्य असला की एक, म्हणजे क = −१. ऋण असला की वास्तव उत्तर नाही. वर्गसमीकरणांच्या धड्यात विवेचकाचे तीन प्रकार पाठ केले होतेस ना, ते तीन प्रकार म्हणजे ही तुझी सरकणारी पट्टी.

इतवारीकर (इतवारी)

मी कॉमर्सवाला, पण माझ्या पुतण्याला मी शिकवून राहिलो आहे. माझं मत असं की पोरांना आधी तक्ताच करायला लावावा. क्ष = ०, १, २, ३, ४ घ्यायचं, य काढायचा, बिंदू मांडायचे, जोडायचे. तक्ता कधी फसवत नाही. हे उभं-आडवं, सरकती पट्टी वगैरे मागाहून. आधी हात बसला पाहिजे.

जुना_फळा

हात बसला पाहिजे याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. तक्ता न करता जो आलेख शिकला, त्याचं शिकणं कच्चं राहतं. पण तक्ता फसवत नाही हे मात्र मला मान्य नाही, भाऊ. पुतण्याला य = क्ष² − ३क्ष + २ द्या. क्ष = ०, १, २, ३ घेतलं की य येतो २, ०, ०, २. वर्गात निम्मी मुलं (१, ०) ते (२, ०) अशी सपाट रेघ पट्टीने ओढून मोकळी होत. वक्र तर त्या दोघांच्या मध्ये खाली उतरतो, क्ष = १.५ ला −०.२५ पर्यंत. पूर्णांक घेऊन केलेल्या तक्त्यात तो बिंदू येतच नाही.

यावर उपाय तक्ता सोडणं नाही. तक्त्यात दोन ठिकाणी सारखाच य आला की त्या दोन क्षच्या बरोबर मधोमध काय होतंय ते विचारायचं. वर्गसमीकरणाचा आलेख एका उभ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखा असतो. १ आणि २ ला य सारखा, म्हणून मधली रेषा १.५ वर. ० आणि ३ चा मध्यही १.५ च. संत्राबर्फीच्या गणितात १ आणि ३ चा मध्य २, ० आणि ४ चा मध्यही २. सगळ्यात खालचा बिंदू असा मिळतो, सूत्र पाठ नसलं तरी.

इतवारीकर

हे पटलं. मधोमध बघायला सांगतो त्याला. आणि बिंदू जोडताना पट्टी नको, मोकळ्या हाताने, हेही आजच सांगतो.

माई_धंतोली (धंतोली)

मी या धाग्यात आले ते मुलासाठी. तो दहावीला आहे. दोन समीकरणं, दोन रेषा, छेदबिंदू म्हणजे उत्तर, हे तो करतो आणि मार्कही मिळतात. पण काल मी सहज विचारलं, 'छेदबिंदूच का उत्तर? रेषेवरचा दुसरा कुठलाही बिंदू का नाही?' तर गप्प झाला. मलाही नीट सांगता आलं नाही.

मिहानवाला (खापरी)

माई, वर सरांनी सांगितलेल्या वाक्यातच याचं उत्तर आहे. पहिल्या रेषेवरचे सगळे बिंदू पहिल्या समीकरणाची उत्तरं. दुसऱ्या रेषेवरचे दुसऱ्याची. दोन्ही एकदम खरी ठरवणारी जोडी दोन्ही रेषांवर असली पाहिजे, आणि दोन्ही रेषांवर असलेली जागा एकच, जिथे त्या छेदतात. रेषा समांतर असल्या तर अशी जागा नाही, म्हणून उत्तर नाही. एकावर एक असल्या तर प्रत्येक बिंदू उत्तर.

मुलाला नुसतं सांगून पटणार नाही, म्हणून त्याला समृद्धीचं गणित द्या. आपल्याकडून रस्ता शिवमडक्याला सुरू होतो. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला उघडला, अंतर ५२० किलोमीटर. पूर्ण मुंबईपर्यंतचा रस्ता ७०१ किलोमीटरचा आहे, पण आपल्याला शिर्डीपर्यंतच पुरे.

समजा एक ट्रक सकाळी ६ ला निघाला, ताशी ८० ने. एक कार ७ ला निघाली, ताशी १०० ने. कोणीच मध्ये थांबत नाही असं धरू. क्ष म्हणजे ६ वाजल्यापासून झालेले तास, य म्हणजे नागपूरपासूनचं अंतर. ट्रकची रेषा य = ८०क्ष. कारची रेषा य = १००(क्ष − १). मुलाला म्हणावं आधी दोन्ही रेषा काढ आणि मग सांग, कार ट्रकला कुठे गाठते.

रेषा क्ष = ५ ला छेदतात, तिथे य = ४००. म्हणजे ११ वाजता, नागपूरपासून ४०० किलोमीटरवर. छेदबिंदूचा अर्थ इथे डोळ्यांना दिसतो: त्याच वेळी, त्याच जागी, दोन्ही गाड्या. ट्रकच्या रेषेवरचा दुसरा कुठलाही बिंदू घ्या, त्या वेळी त्या जागी कार नाही.

माई_धंतोली

हे फार छान सांगितलंत दादा. आताच त्याला बसवून काढायला लावलं. 'त्याच वेळी, त्याच जागी' म्हटल्याबरोबर त्याच्या लक्षात आलं. पण त्याने एक शंका काढली. त्याने कारची रेषा डावीकडे वाढवली तर क्ष = ० ला य = −१०० आला. म्हणतो, कार ६ वाजता नागपूरच्या मागे १०० किलोमीटर होती का?

मिहानवाला

शाबास त्याला! ती कार ६ वाजता उभी होती. १००(क्ष − १) हे सूत्र क्ष = १ पासून लागू होतं, त्याआधी नाही. आणि शिर्डीला पोचल्यावरही नाही. ५२० ला ताशी १०० ने ५.२ तास, म्हणजे कारसाठी क्ष १ ते ६.२. ट्रकला ६.५ तास, म्हणून त्याच्यासाठी क्ष ० ते ६.५. संत्राबर्फी, अकरावीच्या पुस्तकात ज्याला डोमेन म्हणतात ते हेच. सूत्र कुठेही चालवता येतं, फंक्शन मात्र ज्या क्षसाठी दिलंय तेवढ्यावरच असतं. छेदबिंदू मिळाला की तो दोन्हींच्या डोमेनमध्ये आहे का, ते बघायचंच. इथे ५ दोन्हीत आहे. पण रस्ता ३०० किलोमीटरचाच असता, तर कागदावर रेषा वाढवून छेदल्या असत्या आणि रस्त्यावर मात्र कार ट्रकला गाठू शकली नसती.

आणखी एक. मुलाने उभ्या अक्षावर १ सेमी = १०० किमी आणि आडव्यावर १ सेमी = १ तास घेतलं असेल, तर कारची रेषा बरोबर ४५ अंशात दिसेल. ते बघून चढ १ लिहायची घाई होते. चढ १०० आहे. चौकोन मोजायचे, पण प्रत्येक चौकोनाची किंमत धरून.

रात्रपाळी (रामदासपेठ)

मी नर्स आहे. हा धागा ड्यूटी संपल्यावर वाचला आणि फार जवळचा वाटला, कारण उभं-आडवं वाचन आम्ही रोजच करतो. घरून येणारे नातेवाईक ताप फॅरनहाइटमध्ये सांगतात, आमच्या शीटवर सेल्सिअस. फॅ = १.८ से + ३२. शिकाऊ मुलींना मी याचा आलेख वहीत काढून ठेवायला सांगते. ३७ वरून उभं गेलं की ९८.६. कोणी '१०४ होता' म्हटलं की आडवं जायचं, ४० मिळतं. रेषा सतत चढती आहे, म्हणून आडवं गेलं तरी उत्तर एकच मिळतं. संत्राबर्फीच्या वक्राला हे जमत नाही, हा फरक मला इथे वाचून नव्याने कळला.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला जातो तेव्हा ते ११३ फॅरनहाइट होतं. चढाचा अर्थ मी मुलींना असा सांगते: ५ सेल्सिअस वाढले की ९ फॅरनहाइट वाढतात. ३२ हा मात्र सुरुवातीचा फरक, तो एकदाच धरायचा. ताप किती उतरला हे काढताना ३२ मिळवायचे नाहीत. तिथे चूक झाली तर २ सेल्सिअसचा उतार ३५.६ फॅरनहाइट म्हणून लिहिला जाईल, जो खरा आहे ३.६.

जुना_फळा

ताई, तुम्ही चढ आणि छेद यांतला फरक जितका स्वच्छ मांडलात तितका मी कुठे वाचलेला नाही. य = मक्ष + क मधला म म्हणजे बदलाचा दर, क म्हणजे क्ष शून्य असतानाची किंमत. बदल विचारला की फक्त म चं काम असतं. संत्राबर्फी, तुझ्यासाठी एक छोटा प्रश्न: दोन्ही मापनांत आकडा सारखाच कधी येतो? आलेखावर य = क्ष ही रेषा काढ आणि बघ.

संत्राबर्फी

क्ष = १.८क्ष + ३२, म्हणजे ०.८क्ष = −३२, क्ष = −४०. उणे चाळीसला दोन्ही सारखे! नागपुरात बसून हे खरंच वाटत नाही.

आता शेवटचा प्रश्न राहिला, तोच मला सगळ्यात अवघड जातोय. फ(क्ष + २). क्लासमध्ये सांगितलं की 'प्लस असेल तर डावीकडे, मायनस असेल तर उजवीकडे, पाठ करा'. पण फ(क्ष) + २ मध्ये प्लस असूनही वर जातो. मग आतल्या प्लसने उलट का?

तर्री_पोहे

हे मला इंजिनिअरिंगला येईपर्यंत पाठच होतं. कारण मीही ऐकायला बसलोय.

जुना_फळा

पाठ करू नकोस. परीक्षेच्या गडबडीत पाठ केलेलं डावं-उजवं हमखास उलटतं.

फ(क्ष) + २ आधी बघ. इथे फंक्शनचं काम आधी होतं, उत्तर आल्यावर त्यात २ मिळवतात. उत्तर म्हणजे य. प्रत्येक बिंदूचा य २ ने वाढला, म्हणून सगळा वक्र २ ने वर. खालचा बिंदू (२, −१) चा (२, १) झाला. आता वक्र क्ष-अक्षाला शिवतही नाही, म्हणून क्ष² − ४क्ष + ५ = ० ला वास्तव उत्तर नाही.

फ(क्ष + २) मध्ये २ आत आहे. फंक्शनच्या हातात पडण्याआधीच क्षमध्ये २ मिळवले गेलेत. आता विचार: जुना वक्र कंसात २ आल्यावर सगळ्यात खाली जात होता. तो बदललेला नाही, त्याला अजूनही कंसात २ च हवेत. कंसात २ येण्यासाठी क्ष किती लागेल? क्ष + २ = २, म्हणून क्ष = ०. म्हणजे जे पूर्वी २ वर घडत होतं ते आता ० वर घडतं. तसंच जे १ वर शून्य होत होतं ते −१ वर, जे ३ वर होत होतं ते १ वर. सगळंच २ घरं आधी घडायला लागलं, म्हणून वक्र डावीकडे.

आणि विश्वास बसत नसेल तर सोडवून बघ: (क्ष + २)² − ४(क्ष + २) + ३. क्ष² + ४क्ष + ४ − ४क्ष − ८ + ३. मधल्या पदांचं वजाबाकीत काय होतं ते तूच बघ.

संत्राबर्फी

क्ष² − १! ४क्ष निघून गेले. म्हणजे खालचा बिंदू (०, −१) आणि शून्यं −१ आणि १. तुम्ही सांगितलं तेच आलं सर. मला वाटलं होतं मोठं काहीतरी येईल.

मिहानवाला

समृद्धीवर परत ये जरा. कारची रेषा १००(क्ष − १) होती. ताशी १०० ने ६ ला निघालेल्या गाडीची १००क्ष. कंसातला उणे १ म्हणजे एक तास उशिरा निघणं, आणि रेषा उजवीकडे सरकली. आतला बदल म्हणजे वेळेत बदल, बाहेरचा बदल म्हणजे जागेत बदल. १००क्ष − १ लिहिलं असतं तर ती गाडी ६ लाच निघाली असती, फक्त १ किलोमीटर मागून. कंस कुठे आहे याने एवढा फरक पडतो.

मोबाइलवर जिओजेब्रा टाकून घे, फुकट आहे. फ(क्ष + अ) लिही, अ साठी स्लायडर घे आणि हलव. पण आधी कागदावर काढ, मग ताडायला वापर. आधीच अ‍ॅप उघडलं की डोळा बघतो आणि डोकं आराम करतं.

इतवारीकर

पुतण्याचा एक प्रश्न मध्येच विचारतो. त्याच्या पुस्तकात पायऱ्यांसारखा आलेख आहे, पार्किंगच्या दरांचा. समजा पहिल्या तासापर्यंत २० रुपये, त्यानंतर दुसरा तास संपेपर्यंत ३०. एका टोकाला भरीव ठिपका, दुसऱ्याला पोकळ. तो म्हणतो, क्ष = १ ला दोन ठिपके एकावर एक दिसतात, मग हे फंक्शन कसं?

तर्री_पोहे

पोकळ ठिपका म्हणजे 'इथपर्यंत, पण हा बिंदू धरून नाही'. क्ष = १ वर उभी रेघ ओढली तर ती भरीव ठिपक्याला भेटते, पोकळाला भेटली तरी ते मोजायचं नाही. बरोबर एक तासाला २० च रुपये द्यायचे, ३० नाही. म्हणून एका क्षला एकच य, म्हणून फंक्शन. दोन्ही ठिपके भरीव असते तर पार्किंगवाल्याशी भांडण झालं असतं आणि फंक्शनही राहिलं नसतं.

संत्राबर्फी

छेदबिंदूचा प्रश्न मी आता आलेखावरूनच केला. रेषा य = क्ष − १ वक्राला (१, ०) आणि (४, ३) ला छेदते, तर्री दादांच्या उत्तराशी जुळलं. मग मी स्वतःच एक प्रश्न घेतला: फ(क्ष) < क्ष − १ कुठे? म्हणजे वक्र रेषेच्या खाली कुठे आहे. १ ते ४ च्या मध्ये. मधला एक आकडा टाकून बघितला, क्ष = २ ला वक्र −१ वर आणि रेषा १ वर. खालीच आहे. म्हणून उत्तर १ ते ४.

जुना_फळा

स्वतः प्रश्न तयार केलास, मंगळवारची तयारी झाली असं मी धरतो. फक्त उत्तर लिहिताना टोकांचं बघ. प्रश्न 'पेक्षा लहान' असा आहे. १ आणि ४ वर वक्र आणि रेषा एकाच जागी आहेत, तिथे लहान नाही, समान आहे. म्हणून १ < क्ष < ४, टोकं सोडून. प्रश्नात 'लहान किंवा समान' असतं तर टोकं धरली असती. आत्ताच पार्किंगच्या ठिपक्यांचं बोलणं झालं, तीच गोष्ट आहे. शीटवरचं फ(क्ष) > ० चं उत्तरही याच नजरेने एकदा तपासून घे, तिथे १ आणि ३ का सोडले ते एका ओळीत लिही.

संत्राबर्फी

लिहिलं सर: 'क्ष = १ आणि क्ष = ३ ला फ(क्ष) = ०, आणि ० हा ० पेक्षा मोठा नाही.' आता दुसरं शीट काढते, त्यात सूत्र न दिलेला आलेख आहे.

जुना_फळा

त्याचा फोटो इथे टाक. सूत्र शोधायला जाऊ नकोस, आधी उभं आणि आडवं वाच.